केळीच्या स्टार्टरवर जिंकलेली शर्यत

आमच्या घराण्याच्या वाट्याला आजवर एकच करंडक आला आणि तो चाळीस मिनिटांत परत गेला.

मी जळगावात एका शाळेत कारकून आहे. वय सत्तेचाळीस, पोट त्याच्याही थोडं पुढे. माझा शालक प्रमोद धुळ्याला असतो. तो रोज सकाळी सायकलने सोनगीरला जाऊन येतो आणि किल्ल्यासमोरचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. (त्याला पहिला अंगठा माझ्या बायकोचा, सुनंदाचा.) हे मी सहा वर्षं सोसलं. पण गेल्या दिवाळीत त्याने सगळ्यांसमोर माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, "जिजाजी, कितवा महिना?" आणि सुनंदा सगळ्यांत जास्त हसली. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की त्याच्या मंडळाच्या सायकल शर्यतीत मी चाळिशीपुढच्या गटात उतरणार आणि त्याला हरवणार.

जाहीर करायला तोंड पुरतं, पुढे पाय लागतात. चार दिवस सराव केल्यावर माझे पाय मला जिना चढू देईनात. पाचव्या दिवशी पलंगावर पडून मोबाईल चाळताना एक व्हिडिओ दिसला. परदेशात म्हणे मोठमोठ्या शर्यतींत काही लोक सायकलीच्या नळीत बारकी मोटार लपवतात, आणि ती शोधायला पंच सायकलींचे एक्स-रे काढतात! मी उठून बसलो. धुळ्यात माणसाच्या एक्स-रेला अर्धा दिवस रांग लावावी लागते. सायकलीचा कोण काढतोय?

आमच्या गावी, यावलकडे, गोविंदा मिस्त्री आहे. केळीच्या बागांवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याने माझ्या सायकलीच्या मागच्या चाकात एक छोटी मोटार बसवली, वर काळा रंग मारला आणि बॅटरी पाण्याच्या बाटलीत लपवली.

"बटन कुठी लावू भाऊ?" त्याने विचारलं.

"बटण दिसलं तर मेलो ना मी."

"मंग मोबाईल स्टार्टर लावू. मिस कॉल दिला का मोटार चालू, पुन्हा दिला का बंद. आबाच्या पंपाले आहे तोच."

आबा म्हणजे माझे वडील. विहिरीवर जायला नको म्हणून मीच त्यांना तो स्टार्टर घेऊन दिला होता. त्यात दोन नंबर होते, एक आबांचा, एक माझा. मिस्त्रीने शनिवारी तो खोलला, आतलं कार्ड तेवढं सिमसकट काढलं आणि माझ्या सीटखालच्या पंक्चरच्या सामानाच्या पिशवीत बसवलं. रविवारी शर्यत, संध्याकाळी कार्ड परत जागेवर. आबांना कळायचं कारणच नव्हतं, कारण ते आमच्यासोबत धुळ्याला येणार होते. इतकी सरळ योजना मी आयुष्यात कधी आखली नव्हती.

रविवारी सकाळी सातला धुळ्याहून निघून सोनगीरला वळसा घालून परत यायचं होतं. पहिला चढ आला तशी मी खिशात हात घालून सायकलीला मिस कॉल दिला. लगेच कानातल्या इअरफोनमध्ये स्टार्टरची रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "मोटार चालू झाली आहे." आणि सायकल जी जड झाली, ती विचारू नका. मला वाटलं, बाप रे, मोटार असून हा चढ एवढा छळतोय, नसती तर काय झालं असतं? मी जीव खाऊन पाय मारले. शेजारून एक जण माझ्या बाटलीकडे बघत गेला. त्याला तहान लागली असावी, पण मला वाटलं, पकडलं! त्या भीतीने मी त्याला मागे टाकलं. मग जो बघेल त्याला मागे टाकत सुटलो. शेवटच्या वळणावर प्रमोद दिसला. त्याने वळून माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि मी त्यालाही मागे टाकलं.

मी पहिला आलो आणि थांबताच खिशातून मिस कॉल देऊन मोटार बंद केली. सुनंदाने भर रस्त्यात माझा घाम पदराने पुसला. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

दहा वाजता बक्षीस समारंभ सुरू झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी माझी सायकल मुद्दाम स्टेजवर, स्टँडला लावून ठेवायला सांगितली. माझ्या हातात करंडक होता. पहिल्या रांगेत आबा आणि त्यांच्या शेजारी प्रमोद. त्या आठवड्यात आमच्या गावाकडे शेतीपंपांना दहापासून वीज असायची, हे मी साफ विसरलो होतो. आबा विसरले नव्हते.

"प्रमोदराव, एक गंमत दाखवतो तुम्हाले," आबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं आणि फोन, दोन्ही सगळ्या मांडवाला ऐकू येतात. "आठी धुय्यात बसून तठी केळीले पाणी देतो."

त्यांनी बटण दाबलं आणि स्टेजवर माझ्या सायकलीचं मागचं चाक गरागरा फिरायला लागलं.

"मोटार चालू झाली आहे," आबांच्या फोनमधली बाई म्हणाली.

मी करंडकाआडून मिस कॉल दिला. चाक थांबलं.

"मोटार बंद झाली आहे."

"काहून बंद झाली? लाइट गेली वाटते," म्हणत आबांनी पुन्हा दाबलं. चाक फिरलं. मी बंद केलं, त्यांनी चालू केलं. केळीच्या काळजीने माणूस किती चिकाटी धरतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पाचव्या खेपेला अध्यक्षांच्या शालीचं टोक चाकात गेलं आणि अध्यक्ष सायकलीभोवती गुंडाळले जाऊ लागले. प्रमोदने आधी चाकाकडे पाहिलं, मग आबांच्या फोनकडे, मग माझ्या खिशातल्या हाताकडे.

"जिजाजी," तो अगदी हळू म्हणाला, "केळी सायकलीवर लावली का?"

तेवढ्यात आबा स्टेजवर आले, त्यांनी चाक निरखून पाहिलं आणि माझ्यावर खेकसले, "अरे, हे तं उलटं फिरू राह्यलं! वायरी उलट्या जोडल्या त्या गोविंदाने. पुढे न्यायची सोडून मोटार तुले मागे ओढत व्हती ना!"

म्हणजे तो प्रत्येक चढ मी मोटारीशी झुंजत चढलो होतो. मी लगेच मुद्दा मांडला, की मग माझा विजय दुप्पट धरायला हवा. पंचांनी आपसात बरीच चर्चा केली. मोटार उलटी असली तरी हेतू सरळ नव्हता, असं म्हणून त्यांनी मला बाद केलं आणि करंडक प्रमोदकडे गेला. आबा परतीच्या वाटेवर जळगावपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. केळीचं एक पाणी चुकलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. मोटारीने मागे ओढत असताना जो पहिला येतो, तो मोटारीशिवाय काय करेल? हे मी वर्षभर नातेवाइकांत ऐकवलं. प्रमोदलाही ऐकवलं. यंदा मोटार, बॅटरी, स्टार्टर काही न लावता, वर मनात कसलीही भीती न ठेवता, मी पुन्हा उतरलो. गटात अकरावा आलो. आमच्या गटात अकराच जण होते.