कूलरमधले मासे

जगात जिथं म्हणून पाणी साठतं, तिथं माझे थोरले साडू जाऊन उभे राहतात, आणि तिथून त्यांना हलवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. ते सोनपेठकडच्या एका खेड्यात तिसरीला शिकवत. पण वर्ग त्यांना कुठंही भरवता येतो. एकदा तेरवीच्या पंगतीत पोरांच्या ओळीत बसून त्यांनी विचारलं, "बेडूक श्वास कशानं घेतो?" एक पोरगं म्हणालं, नाकानं. "आन् कातडीनं बी!" हे असे ओरडले, की वाढपी बुंदीची बादली घेऊन जागीच थांबला. आमच्या वास्तुशांतीला यांनी आहेर काय आणावा, तर कमळाचं पान! येईल त्या पाहुण्यासमोर त्यावर पाणी ओतून, "बघा, भिजतंय का?" पान कोरडंच राहिलं, भिजली माझी नवी सतरंजी. पण पडले थोरले साडू, तोंडावर बोलायची सोय नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र हद्द झाली. शाळेच्या हौदात यांनी पोरांना हाताशी धरून मासे, गोगलगायी, शेवाळ असा सगळा संसार थाटला होता. सुट्टी लागायच्या सुमारास हौद आटायला लागला, तेव्हा यांनी पोरांना शब्द दिला, "शाळा उघडंल तवा सगळे मासे परत आणतो." आणि मासे-गोगलगायी ठेवायला जागा कुठली शोधली? परभणीतला माझा कूलर! "साडूभाऊ, टाकी लय झकास हाय. पंप तेवढा लावू नका, मासे ओढले जातील." भर मे महिन्यात, परभणीत! बायको म्हणाली, "दाजींनी लेकरांला शब्द दिलाय, गप पडा." मग काय, मी ओला पंचा पांघरून तळमळतोय आणि मासे गार पाण्यात मजा करताहेत. वर यांचा रोज फोन. माझी तब्येत एकदाही विचारली नाही. गोगलगाय वर आली का, एवढंच.

शाळा उघडायच्या तोंडावर यांची बदली झाली, पार जिंतूरच्या पलीकडं. आता मासे कुणीतरी नेऊन पोचवील, असं मला वाटलं, तर हे स्वतः बादली घेऊन दारात हजर. एसटीत ती बादली अर्थात माझ्या मांडीवर.

"मासे हायत का? वास मारतील," कंडक्टर म्हणाला.

"जिते हायत!" हे म्हणाले. माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

हौदात नवं पाणी भरलं होतं. मासे सुटले तशी पोरं नाचायलाच लागली. एका पोरीनं मात्र विचारलं, "गुरुजी, आन् तुमी कवा परत येणार?" तेरवीत गप्प न बसलेला हा माणूस रिकामी बादली उगाच पुन्हा पुन्हा विसळायला लागला. मला ते काही बघवेना. मी म्हणून बसलो, "येतील की! रविवारी मी घेऊन येतो."

आता झक मारत दर रविवारी जातोय. गेल्या खेपेला त्या पोरीनं मलाच हौदावर उभं करून विचारलं, "बेडूक श्वास कशानं घेतो?" मी म्हणालो, "नाकानं. आन् कातडीनं बी." साडू बाजूला उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या उत्तरात काही दुरुस्ती केली नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो, त्यांना निवांत डोळे पुसता यावेत म्हणून.