बारामतीचं आकाश आणि शेजारच्या सीटवर नवरा

वैमानिकाचा परवाना हातात पडला त्या दिवशी सदाशिव पेठेतल्या माझ्या गणिताच्या क्लासमध्ये मी पेढे वाटले. एकोणपन्नासाव्या वर्षी बाई विमान शिकल्या याचं सगळ्यांना कौतुक. फक्त माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "छान. आता मंडईत पार्किंग कुठे करणार?"

तरी पहिला प्रवासी म्हणून मला हाच माणूस हवा होता. अडचण एकच. मी मोटार चालवायला घेतली की हा शेजारी बसून पायाने ब्रेक दाबतो, गिअर सांगतो. एकदा तर स्टिअरिंगलाच हात घातला होता. शिकवणीच्या लहान विमानात शेजारच्या सीटपुढेही स्टिअरिंग आणि पेडल असतात, आणि ती खरोखर चालतात! त्यामुळे मनाशी ठरवलं, याने एकदा जरी हात लावला तर पुन्हा याला न्यायचं नाही. ठरवलं खरं, पण वाईट वाटत होतं. हा आनंद मला एकटीला नको होता.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे कर्वेनगरहून निघालो. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती. खात-पीत गेलात तर तीन तास धरा. सकाळीच पोहोचा, कारण ऊन चढलं की हवेत विमान उसळायला लागतं. जेजुरीत मी अर्धी प्लेट पोहे खाल्ले. पहिल्यांदा बसणाऱ्याने मिसळ खाऊ नये. श्रीकांतने खाल्ली, वर तर्री मागून घेतली.

"शिकायला काय लागतं?" असं बरेच जण विचारतात. डॉक्टरी तपासणी, लेखी पेपर, रेडिओची परीक्षा आणि मग उड्डाणाचे तास. खर्चात एक बरी मोटार आली असती. आम्ही जुनीच वापरतोय. हवामानाच्या पेपरात मी पहिल्यांदा नापास झाले. हे ऐकून क्लासमधल्या पोरांना जेवढा आनंद झाला तेवढा परवान्याच्या पेढ्यांनीही झाला नाही.

बारामतीच्या विमानतळावर मला शिकवणाऱ्या कॅप्टन शिंदे भेटल्या. इंदापूरकडच्या, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी साखर कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवलं. "ताई, धूर बघा. वारं आडवं व्हायला लागलंय. एक चक्कर मारून या, लांब जाऊ नका."

श्रीकांतला पट्टा बांधून मी सांगितलं, "हात मांडीवर. पाय मागे."

"म्हणजे मी नुसतं बसून राहायचं?"

"हो."

"आणि काही चुकतंय असं वाटलं तर?"

"वाटू दे."

चाकांनी जमीन सोडली आणि नेहमीप्रमाणे मला हसू फुटलं. खाली उसाचे हिरवे चौकोन, त्यांच्या मधून लख्ख चाललेला कालवा. श्रीकांत काचेला नाक लावून बघत होता. "अगं, माणसं किती शहाण्यासारखी राहतात वरून!" तो म्हणाला. पुणेकराने इतपत कौतुक केलं म्हणजे स्वारी खूश होती.

उतरताना मात्र वाऱ्याने आम्हाला धावपट्टीच्या कडेला ढकललं. मी सरळ करू लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून श्रीकांतचे हात मांडीवरून उचललेले दिसले. हात हवेत थांबले, खाली आले आणि त्याने स्वतःचे गुडघे घट्ट धरले. मी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान पुन्हा वर घेतलं.

"काय झालं?"

"मनासारखं बसत नव्हतं. परत येऊ."

दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. मिसळही जागेवर राहिली.

पण परतीच्या वाटेवर हा एक शब्द बोलेना. मोरगावला पिठलं-भाकरी छान मिळाली, तिच्याबद्दलही नाही. हा पुन्हा काही यायचा नाही, असं मी धरून चालले आणि हिरमुसले. आज मागे वळून बघताना ऊस, कालवा सगळं आठवतं, पण सगळ्यात आधी आठवतात ते गुडघ्यांवर पांढरे पडलेले हात. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यासाठी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच असावी.

संध्याकाळी घरी मी चहा टाकला, तर बाहेर श्रीकांत फोनवर थोरल्या भावाशी बोलत होता.

"उतरतच होतो रे दादा, पण हिला पटलं नाही. घेतलं सरळ वर! मी काय करणार, गप्प बसलो. फार अवघड असतं ते... तू ये ना पुढच्या वेळी, चार सीट आहेत. नाही नाही, पुढे तू बस. मी मागे बसतो. मागे हाताशी काहीच नसतं, खाली बघायला बरं."