तहसीलीसमोरचे चाचा

मंगरूळपीरच्या तहसीलीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणतात. कागद मशीनवर ठेवण्याआधी ते तो वाचतात. बारावीच्या मुली शिष्यवृत्तीची कागदपत्रं घेऊन आल्या की चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "हा दाखला मागच्या सालचा हाय बेटा. नवा काहून नाही काढला?" हे विचारायचं काम खरं तर माझं. कॉलेजात पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन माझ्याकडे आहे.

आसेगावच्या एका मुलीला मीच घाईत सांगितलं की उत्पन्नाचा जुना दाखला चालतो. तिने गावातूनच शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तो बाद झाला, मुदतही संपली आणि फी झेपेना म्हणून नर्सिंगची जागा गेली. चाचांच्या दुकानात तिचा बाप तिच्यावर ओरडत होता, "अक्कल गहाण ठेवली होती काय वं? सर, तुमीच सांगा इले!" मुलीने माझ्याकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

चाचांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "पोरीले नका बोलू, भाऊ. कागद म्या पाह्यले होते. चूक माही हाय."

त्यांनी ते कागद कधी पाहिलेच नव्हते. बापाने त्यांना वाट्टेल ते सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

नंतर मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "सरवरचा भरोसा गेला तं पोरी इचाराले कोनाकडं जातीन?"

यंदाही मुली माझ्याकडे येतात. मी प्रत्येक दाखला दोनदा तपासतो. आसेगावला मात्र अजून गेलेलो नाही.