तलवारीपुढची ज्वारी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

मला जुन्या राजांचं, लढायांचं वाचायचं वेड आहे. धारला राहतो, गच्चीतून किल्ल्याची भिंत दिसते. वेड लागायला तेवढं पुरलं. पण अलीकडे ही पुस्तकं वाचताना किळस येते. हत्ती किती, घोडे किती, कुठल्या राजाने कुणाचे डोळे काढले — सगळं चवीने लिहिलेलं. आणि मध्येच एक वाक्य: वाटेत फौजेने रसद गोळा केली. बस. कुणाच्या घरातून? आणि त्याने दिली नाही तर? मी चारचौघांत या राजांना लुटारू म्हणतो. लोक माना डोलावतात. आणि माझ्या घरात भिंतीवर काय टांगलंय?

आमच्या मूळ पुरुषाची तलवार. तो फौजेतला स्वार, दक्षिणेतून माळव्यात आला आणि इथेच राहिला. दसऱ्याला त्या तलवारीची पूजा होते. माझे काका पूजेआधी तिच्यापुढे ओंजळभर ज्वारी ठेवत. आधी ज्वारीला हात जोडत, मग तलवारीला. का — ते त्यांनी जाण्याआधी मला एकट्यालाच सांगितलं. सोनकच्छजवळच्या एका गावात एक शेतकरी आपल्या ज्वारीच्या पेवावर आडवा पडला होता. हटेना. आमच्या पुरुषाने त्याला तिथेच कापलं आणि ज्वारी घोड्यांना घातली. म्हातारपणी त्यानेच ही ओंजळ सुरू केली. काकांनी गावाचं नावही सांगितलं. म्हणाले, "पुढच्यांना सांग. लपवू नकोस." मी हो म्हणालो.

त्याच गावचा माझा एक मित्र आहे. देवासला कॉलेजात असताना जोडलेला. आता गावी शेती करतो. काका गेल्यावरच्या पहिल्याच दसऱ्याला तो घरी आला आणि ज्वारी बघून म्हणाला, "भिया, ये ज्वार किसके वास्ते?" घर भरलेलं होतं. मुलं ऐकत होती. सांगायची वेळ तीच होती ना? मी म्हणालो, "घोड़े के वास्ते. लड़ाई में काम आया था, उसका मान है." सगळ्यांना आवडलं. मुलं अजून हेच सांगतात, अभिमानाने.

लाज? ती नंतर आली. आधी सुटल्यासारखं वाटलं — आणि त्याचीच मला जास्त घाण वाटते.

पुढच्या दसऱ्याला तो पिशवी घेऊन आला. स्वतःच्या शेतातली ज्वारी — आमच्या घोड्यासाठी. तेव्हापासून दरवर्षी आणतो. त्यांच्या गावात आता सगळीकडे सोयाबीन. बांधालगतचा एक पट्टा तो आमच्यासाठी ज्वारीचा ठेवतो. तो पट्टा मी पाहिलाय. तिथे उभा राहून त्याच्या घरचा चहा प्यायलोय — राजांना लुटारू म्हणणारा मी.

यंदा त्याचे गुडघे दुखत होते, तरी बस बदलत बदलत आला. त्याने स्वतःच्या हाताने ज्वारी तलवारीपुढे ठेवली आणि हात जोडले. तलवारीला. मी शेजारीच उभा होतो. मग मी त्याला प्रसाद दिला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.