पायातल्या मुंग्या

सुलेखाने लोकरीचे मोजे विणायला घेतले तेव्हा पुंगोलमध्ये नेहमीसारखंच उकडत होतं. पंखा गरगर फिरत होता, खिडक्या सताड उघड्या होत्या आणि तिच्या मांडीवर राखाडी लोकरीचा जाडजूड गुंडा होता. बोटांना घाम येऊन सुया निसटत होत्या. शेजारच्या ब्लॉकमधली अनघा रिकामा डबा परत द्यायला आली ती दारातच थबकली.

"अगं बाई! सिंगापूरला बर्फ पडणार आहे की काय?"

"ऋतासाठी. फिनलंडला पाठवतेय."

"आणि तिथे मोजे मिळत नाहीत?"

"मिळतात की," सुलेखा म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

अनघा आत येऊन बसली. सुबोध गेल्यापासून ती अशी काही ना काही निमित्त काढून यायची. सुलेखाच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि सुलेखा अजून रडली नव्हती. मंडाईच्या स्मशानात लेक ऋता ओक्साबोक्शी रडत असताना ही तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर जीभ गालाला लागते, पण गालाला त्याचा पत्ता नसतो, तसं तिचं झालं होतं. सगळं जागच्या जागी होतं. सकाळी उठायची, डबा भरायची, खालच्या बालवाडीत कामाला जायची, येताना भाजी आणायची. कुणी विनोद केला तर हसायचीसुद्धा. फक्त आत काही पोचत नव्हतं.

"मोकळी हो गं एकदा," अनघा म्हणायची.

"होईन," सुलेखा म्हणायची, बिल भरायचं राहिलंय ते भरीन अशा सुरात.

एक काळजी तेवढी शिल्लक होती, आणि तीही सवयीची. ऋताची.

ऋता वाढली पुंगोलमध्येच. रविवारी सकाळी बापलेक कालव्याकाठी पाणमांजरं बघायला जायचे. सुबोधला प्राण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो तांजोंग पगारच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा. पण पोरगी तासन्‌तास पोटावर पडून राहायची आणि हा शेजारी छत्री धरून उभा. त्या पाणमांजरांपायी ती शिकत शिकत पार फिनलंडच्या उत्तरेला जाऊन पोचली. तिथे पाणमांजराचा एक थोराड, खुनशी चुलतभाऊ राहतो. अस्वलाएवढा नाही, पण अस्वलाच्या तोंडातला घास ओढायला मागेपुढे पाहत नाही. वुल्व्हरिन म्हणतात त्याला. त्याला दुरून बघायचं, त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा टिपायचा आणि पट्ट्यावरून तो कोण ते ओळखायचं, हे ऋताचं काम. त्यासाठी ती जंगलातल्या एका जुन्या लाकडी खोपटात बसायची. पूर्वी शिकारी तिथे बंदूक घेऊन कोल्ह्यांची वाट बघायचे. आता ही कॅमेरा घेऊन बसत होती. सगळा हिवाळा सरत आला, पण त्याने काही तोंड दाखवलं नव्हतं.

"मचाणावर शेकोटी नसते का गं?" सुलेखाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा फोनमधली ऋता खो खो हसली होती.

"आई, मचाण नाही. जमिनीवर आहे ते."

"मग लपण म्हण."

"ओके, लपण. आणि शेकोटी कॅनॉट लाह. त्याला लगेच वास येतो." सिंगापुरी इंग्रजीतला तो "लाह" फिनलंडलाही तिच्या जिभेवरून गेला नव्हता.

"मग ऊब कशाची?"

"माझीच. बाहेरून नाही येत, आई. आतली जाऊ द्यायची नाही, दॅट्स ऑल."

मग तिने सगळं समजावून सांगितलं होतं. चालत जाताना जाड कोट पाठीवर टाकायचा, अंगात घालायचा नाही, कारण घाम आला की संपलं. पोचल्यावर घालायचा. पायाखाली रबराची जाड चटई, कारण थंडी खालून चढते. थर्मास. तुपातलं काहीतरी खायला. फोन बगलेपाशी, नाहीतर बॅटरी मरते.

"आणि आतून सुती बनियन घाल," सुलेखा म्हणाली. "सुती अंगाला बरं."

"आई! कॉटन इज द वर्स्ट! ओलं झालं की वाळत नाही."

पुण्याच्या बाईने जन्मभर ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ती गोष्ट अशी बाद झाली. डिंकाचे लाडू मात्र पास झाले. आणि लोकरही चालते, हे तिने ध्यानात ठेवलं. थंडी म्हणजे एकावर एक घालायचं, एवढं तरी तिला कळत होतं. म्हणून मोजे एक जोडी नव्हे, दोन जोड्या. जाड.

पार्सल पोचल्याचा फोटो आला. आणि मग तो गुरुवार.

दुपारी बालवाडीत मुलांची झोपायची वेळ होती. पडदे ओढलेले, एसी इतका गार की सुलेखाच्याही पायांत मोजे, लहान लहान गाद्यांवर पोरं आडवी. सुलेखा जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि जिया यी नावाच्या एका न झोपणाऱ्या मुलीला थोपटत होती. या वेळात आवाज करायचा नाही, हा इथला पहिला नियम. फोन जवळ ठेवायचा नाही, हा दुसरा. फोन तिच्या एप्रनच्या खिशात होता.

तिकडे नुकती सकाळ होत होती. ऋता अंधारातच खोपटात शिरली होती. तिलाही आवाज करायची चोरी. मायलेकी हजारो मैलांवर दोन अंधाऱ्या खोल्यांत चिडीचूप बसून एकमेकींना मेसेज करत होत्या.

"तुझे मोजे घातले. बोथ पेअर्स. बूट जेमतेम चढले, हाहा."

आपल्याला बरं वाटायला हवं, हे सुलेखाला समजलं. तिने हृदयाचं चित्र पाठवलं. मग नेहमीचं विचारलं, "मुंग्या?"

हा त्यांच्या घरातला शब्द होता. ऋता लहान असताना याच परिसरातल्या शाळेत तिच्या पायाला मुंग्या आल्या आणि तिने बाईंना सांगितलं, माझ्या पायात ॲन्ट्स आहेत. बाई घाबरल्या. त्यांनी तिचा बूट काढला, उलटा करून झटकला, मोजा काढून बोटांच्या बेचक्यांत बघितलं आणि शेवटी डबा उघडून त्यात लाडू सापडल्यावर आईला चिठ्ठी पाठवली की मुलीला गोड देऊ नये. सुबोध ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तेव्हापासून ऋता कुठेही फार वेळ बसली की तो विचारायचा, "काय, मुंग्या आल्या का?" तो गेल्यावर हे विचारायचं काम आपसूक सुलेखाकडे आलं.

"गॉट. प्लेंटी," ऋताने लिहिलं.

"बोटं हलवत राहा."

"हलवायला जागाच नाही लाह."

जिया यीने कूस बदलली. सुलेखाने थोपटण्याचा ठेका सोडला नाही. उजव्या पायावर भार येत होता, पण हललं तर पोरगी उठली असती. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा फोन बघितला. "मुंग्या?"

"नो मोर. आता मस्त वाटतंय. नथिंग. पाय आहेत की नाही तेच कळत नाही."

आणि लगेच दुसरा, "आई, आई, झाडांमागे काहीतरी हललं."

सुलेखाने पहिला मेसेज परत वाचला. मुंग्या अशा आपोआप जात नाहीत. माणूस हललं तर जातात. आणि ही तर हललेलीच नाही. बूट जेमतेम चढले. बोटं हलवायला जागा नाही. दोन जोड्या. जाड.

काहीही न वाटणं म्हणजे मस्त वाटणं नव्हे. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बूट काढ," तिने लिहिलं. "मोजे काढ. आत्ता."

"कॅनॉट. तोच आहे."

"ऋता, पाय बधिर झालेत तुझे. काढ."

"आई प्लीज. होल विंटर थांबलेय मी. फाइव्ह मिनिट्स."

त्यानंतर मेसेज गेले, पण वाचले गेले नाहीत. तिने फोन लावला. वाजत राहिला असेल, मुका. सुलेखाला भीती वाटायला हवी होती. भीती कुठेतरी बाहेर, काचेपलीकडे उभी होती. पण हातांना काय करायचं ते माहीत होतं. ऋताबरोबर काम करणारा पेट्री नावाचा मुलगा जवळच्या मुक्कामाच्या घरात असायचा, आणि त्याचा नंबर तिने केव्हाच मागून ठेवला होता.

पेट्रीने फोन उचलला. आता कुजबुजून भागणार नव्हतं.

"मी ऋताची आई, सिंगापूरहून," ती इंग्रजीत म्हणाली. गडबडीत मराठीचंच इंग्रजी झालं. "तिच्या पायातल्या मुंग्या थांबल्या आहेत."

पलीकडून अतिशय सभ्यपणे, "मॅडम, इथे उणे अठ्ठावीस आहे. मुंग्या नसतात."

"आधी होत्या! आता नाहीत!"

"ते चांगलंच आहे, नाही का?"

"नाही!" सुलेखा ओरडली. दोनतीन पोरं उठून बसली, एकाने भोकाड पसरलं. "तिला पाय जाणवत नाहीयेत! बूट घट्ट आहेत. दोन मोजे घातलेत. मी दिलेले. ती उठणार नाही, तो आलाय म्हणून उठणार नाही. तू जा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जातो," तो म्हणाला.

शेजारच्या वर्गातली बाई धावत आली, तिने दिवा लावला, रडणाऱ्याला उचललं आणि बाकीच्यांना बाहेर नेऊ लागली. सुलेखा फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. जिया यी गादीवर उठून बसली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती.

पहिला मेसेज आला तो असा : "आई, तू काय केलंस? पेट्रीच्या स्नो-स्कूटरच्या आवाजाने तो पळाला. पट्टा दिसायच्या आत. आय हेट यू."

सुलेखाने तो वाचला. तिकडून मेसेज येतोय, म्हणजे हाताची बोटं चालतायत.

मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग फोन.

"आई," ऋताचा आवाज घोगरा होता. मागे पाणी ओतल्याचा आवाज. "बोटं पांढरी झालीत. मेणासारखी. ठोकली तर टकटक वाजतात."

"ठोकू नकोस. चोळूही नकोस."

"पेट्रीही तेच म्हणतोय. कोमट पाण्यात ठेवलेत. मोजे कापून काढावे लागले. सॉरी."

"कापू दे."

"टाइट होते, आई."

"हो," सुलेखा म्हणाली. "माझं चुकलं. मला वाटलं, जितकं जाड तितकं बरं."

मग एकदम ऋताचा आवाज चिरला.

"आई! आई, दुखतंय! मुंग्या... लाखभर मुंग्या, चावतायत, आई, सहन नाही होत!"

"येऊ देत," सुलेखा म्हणाली.

"काढू पाय? काढू का बाहेर?"

"नको. येऊ देत गं. येऊ देत सगळ्या."

ऋता रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून. दुखण्याचं रडू केव्हा दुसऱ्या रडण्यात मिसळलं ते तिलाही कळलं नसेल. "इतका जवळ होता तो. मला बाबाला सांगायचं होतं. आई, मी मनात त्याला सांगायला सुरुवातसुद्धा केली होती."

मग सुलेखाने तेच विचारलं, जे सुबोधने विचारलं असतं.

"आल्या का पण मुंग्या? सगळ्या बोटांना?"

हुंदके देत देत ऋताने पाण्यातली बोटं एकेक करून तपासली. "करंगळीला नाही अजून. नो, वेट. आली. आली, आई."

पेट्रीने फोन घेतला. बोटं राहतील असं दिसतंय, म्हणाला, कातडी जाईल बहुतेक, आम्ही डॉक्टरकडे निघतोय. मग जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, त्या मुंग्यांचं मला आता ऋताने सांगितलं."

फोन बंद झाला. खोलीत दिवा लख्ख होता, गाद्या रिकाम्या होत्या. बाहेरून पोरांचा गलका ऐकू येत होता. आता मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभं राहायचं होतं. सुलेखा उठायला गेली आणि तशीच खाली बसली. उजवा पाय लाकडाचा झाला होता. तिने तो हाताने उचलून पुढे ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"टीचर सू," जिया यी म्हणाली, "व्हाय यू डोन्ट स्टँड?"

"ॲन्ट्स," सुलेखा म्हणाली. "इन माय लेग."

जिया यीचे डोळे मोठे झाले. ती रांगत जवळ आली, दोन्ही हातांनी सुलेखाचा मोजा धरून ओढून काढला, उलटा केला आणि जमिनीवर दोनदा झटकला. मग बोटांच्या बेचक्यांत वाकून बघू लागली.

"नो ॲन्ट्स," ती म्हणाली.

"बघ नीट," सुलेखा मराठीतच म्हणाली. टाचेपासून काहीतरी वर सरकायला लागलं होतं. आधी एक, मग अनेक. पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. फार दुखत होतं. तिने पाय हलवला नाही.