मोटारीला हरवणारा हात

नळदुर्गच्या हायवेला ढाब्यांच्या रांगेत वीरप्पाचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली पाणबुडी मोटार सकाळी टाका, संध्याकाळी नवी तार भरून न्या. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान आहे. हसू नका राव! खरंखुरं दोन सीटचं विमान, बाहेरून मागवलेल्या नकाशांवरून या माणसानं अकरा वर्षं खपून बांधलेलं. गाव त्याला विमानअप्पा म्हणतं. आधी चेष्टेनं म्हणायचं, आता नुसतंच म्हणतं.

हे खूळ कुठून आलं? लग्नाच्या वर्षी बायकोला, महानंदाला, त्यानं किल्ला दाखवायला नेलं. तिला दिवस गेलेले. उपळी बुरुजाच्या निम्म्या पायऱ्या चढून ती खालीच बसली. "ऱ्हाऊ दे, एक दिवस आभाळातनं दाखवीन तुला," हा बोलून गेला. ती हसून विसरली, हा गडी विसरला नाही. उडवायचंही शिकून आला. विमान पुरं होत आलं आणि गेल्या दिवाळीत त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. महानंदा त्या दिवसापासून त्याचा चहाचा कप तेवढा निम्माच भरू लागली.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण हट्ट लई वाईट. त्यानं ऑटोपायलट बसवायचं ठरवलं. म्हणजे सर्व्हो नावाच्या दोन छोट्या मोटारी: एक पंखांच्या झडपा धरून ठेवणार, दुसरी शेपटीची. हात थरथरला तरी विमान सरळ. आणि मोटार तर त्याच्या घरचीच! पंधरा दिवस तो सीटखाली पालथा पडून दांडे जोडत होता. सुटू नये म्हणून प्रत्येक बोल्टाला बारीक तार ओवायची, त्यात एकेक तास जायचा. स्वतःच्या बोटांना शिव्या देत बसायचा.

परवा सोमवारी शेवटची चाचणी होती. मोटारींसोबत आलेल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं: मोटार बिघडली, अडून बसली, तर माणसाला ती हातानं मागं सारता आली पाहिजे. ते जमत नसेल तर उडायचं नाही.

वीरप्पानं बटण दाबलं. मोटारीनं सीटपुढची विमान वळवायची दांडी धरली. त्यानं जोर लावला, दांडी हलेना. त्यानं मोटारीचा जोर कमी केला. तरी हलेना. आणखी कमी केला. शेवटी दांडी हलली, पण आता बाहेर मोटारीला पंखाची झडपही धरवत नव्हती.

"मोटारच बाद दिली भडव्यांनी," तो ओरडला.

महानंदा कपबशी घेऊन आली होती. त्यानं मोटारीचा जोर पुन्हा पुस्तकातल्याइतका केला. "जरा इकडं ये. ही दांडी रेट बघू."

भाकरी थापणारा हात तो. तिनं एका हातानं दांडी रेटली, ती सर्रकन् सरकली.

ती घाबरली. "अहो, मोडलं का काय?"

"न्हाय," वीरप्पा म्हणाला. "मोटार चांगलीय."

जोर त्याच्या हातातलाच गेलाय हे तिला कळलं, आणि आपण रेटलं कशाला असं तिला झालं. वीरप्पानं पाना घेतला आणि दोन्ही मोटारी सोडवून डब्यात ठेवल्या. मग सीटवर चढून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यानं ते पुसलंही नाही.

महानंदानं कपबशी खाली ठेवली, पदर खोचला आणि शेजारच्या सीटवर चढून बसली. "चला, दाखवा किल्ला."

त्यानं सवयीनं दांडी धरली. "ही डावीकडं बोरी नदी," तो सांगू लागला, "तो पाणीमहाल. आणि हा बघ आपला बुरूज." मोटारी सुटलेल्या, त्यामुळं दांडी आता थेट पंखाला जोडलेली. हाताचा कंप दांड्यांतून जाऊन बाहेर पंखाच्या टोकाची झडप थरथरत होती. तिला ते दिसलं.

"दिसला का?" त्यानं विचारलं.

"दिसला की," ती म्हणाली, आणि पंखाकडं बघायचं सोडून समोरच्या शेडच्या पत्र्याकडं बघत राहिली.