काशीबांचे पाच ऐन

काशीराम रेवाळ्यांची आणि माझी ओळख आधी त्यांच्या आरोळीमुळे झाली. माणूस मागाहून आला. १९२३ साली गुहागरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत मी नवा शाळामास्तर म्हणून नुकताच दाखल झालो होतो. मास्तर म्हटला की छडी हवी, म्हणून वाटेकडेच्या एका सरळसोट झाडाची फांदी वाकवत होतो. एवढ्यात वरून जी हाक आली, तिने माझी टोपी उडाली, अंजनवेलच्या खाडीतली गलबतं वाट चुकली आणि गोपाळगडाचा एक बुरूज जागच्या जागी दचकला, हे मी आजही शपथेवर सांगेन. हाकेपाठोपाठ डोंगरावरून एक कोयता धावत आला. कोयत्याच्या मागे दोन माणसांना पुरतील अशा मिशा होत्या आणि मिशांच्या मागे काशीराम होते.

“सोडा ती फांदी! कोण तुमी?”

“मी नवा मास्तर.”

“मंग शिकलेले असाल. वाढत्या झाडाला हात लावू नये, येवढं पुस्तकात नाय?”

मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. त्यावर त्यांना माझी दया आली असावी. कोयता समोरच्या उतारावर फिरवून ते म्हणाले, “छडीच पायजे तर त्या तिकडं बगा. आख्ख्या गावाची झाडं तोडा. माजे पाच ऐन सोडा.”

मी बघितलं. त्या उतारावर झाड म्हणून जे होतं, ते नुसतं बुंधा आणि वर झाडूसारख्या चार काड्या एवढंच होतं. आमच्या भागात भाताची रोपं टाकायची जागा पावसाआधी भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. राबाला पाला हवा, म्हणून दरवर्षी पौष-माघात ऐन-किंजळीवर चढून शेंड्यापासून फांद्या उतरवायच्या. त्यामुळे पिढ्यानपिढ्या गावात एक झाड नीट वर गेलेलं नव्हतं. आणि त्या बोडक्या मंडळींत काशीबांचे पाच ऐन पागोटी बांधून उभे होते.

कारण साधं होतं. काशीबांच्या घराचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, दोन तुकड्यांचं होतं. सांध्याखाली घराच्या बरोबर मध्यावर एक टेकू दिलेला होता. दिवसातून एकदा तरी काशीबांचं कपाळ त्याला भेटून येई. गौरीच्या दिवसांत बायका फेर धरत तो टेकूला मधे घेऊन. नव्या सुनेला वाटे, ह्या घरात खांबाची पूजा असते. तेव्हा मनगटाएवढ्या पाच ऐनांवर काशीबांनी डोळा ठेवला होता: अठरा हात सरळ लाकूड, एकसंध, आपल्याच रानातलं. टेकू उपटायचा आणि मग मरायचं.

गावाला हे काही पटत नव्हतं. गावकार गंगाराम, मोठा शहाणा माणूस, मला समजावून सांगे, “गुरजी, झाड उंच झालं का लोकांच्या डोळ्यांत भरतं. आज खोत बगंल, उद्या जंगलवाला बगंल. मंग ते आपलं कशावरनं? बोडकं ठेवलं का कोण इचारत नाय. नि लाकूड तयार हुईपर्यंत आपण असतांव काय?”

“मी नसंन,” काशीबा म्हणत. “आढं असंल.”

“आढ्यावर बसून भात खाणार काय?”

काशीबांची बायको हौसा ह्या वादात गंगारामच्या बाजूची होती. “गावातल्या बायका पाल्याचे भारे आणतात नि मी शेणी नि सुकं गवत भाजत बसतंय,” ती मला ऐकवी. “लोकांना येक सवत असते, गुरजी. मला पाच हायत, नि पाची माज्यापरीस उंच.” पण बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून पहिल्या वर्षी त्या रोपांना काटेरी कुंपण तिनेच घातलं होतं, हे काशीबांनी मला हळूच सांगितलं.

ती बारा वर्षं आठवली की अजून नाकाला राबाच्या धुराचा वास येतो. दसऱ्याला सोनं वाटून झालं की काशीबा मला घेऊन रानात जात. एकेका ऐनाला मिठी मारून घेर बघत, जणू मुंबईहून आलेला भाऊ. मग उंची. मी काठीची सावली मोजायचो, झाडाची सावली मोजायचो आणि जमिनीवर काडीने त्रैराशिक मांडायचो. काशीबा त्या आकड्यांकडे अशा भक्तीने बघत की मी एकदा भीडेपोटी अर्धा हात वाढवून सांगितला. चौतीसच्या दसऱ्याला मात्र काही वाढवावं लागलं नाही. मधला ऐन साडेअठरा हात भरला.

“आजून येक पावसाळा,” काशीबा म्हणाले. “जरा जाड हुंदे.”

त्यानंतरच्या पौषात वाडीत हिंवतापाची साथ आली. काशीबा आणि हौसा दोघंही एकाच वेळी आडवी झाली. मी दुपारी कुनैनच्या गोळ्या घेऊन गेलो, तर दोघं टेकूच्या दोन बाजूंना घोंगड्यांखाली थडथडत होती. रानातून कोयत्यांचे आवाज येत होते.

“कुणाचा तरी राब चाललाय,” काशीबा दात वाजवत म्हणाले. “बरं हाय. लोकांची कामं तरी आटपू देत.”

मीही ऐकलं. मलाही काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी बसलोच होतो, तेवढ्यात गंगाराम दहा-बारा गडी घेऊन ओटीवर आला. सगळ्यांचे चेहरे लग्नातून आल्यासारखे.

“उठू नको, काशी,” तो म्हणाला. “तुजा राब आमी केला. पाची झाडं उतरवली, शेंड्यापासनं. येवढा पाला आमच्या जल्मात बगितला नाय.”

गंगाराम काशीबांजवळ सरकून समजुतीने म्हणाला, “आता आढ्याबिढ्याचं कायबी सांगू नको. गावाला म्हाईत हाय, तुला झाडावर चढायचं भ्या वाटतं. त्यात लाजायचं काय? बारा वर्सं कोण बोललं काय तोंडावर? दरसाल आमीच येतांव आता.”

लाकडासाठी कोणी झाड राखतं, ह्यावर गावाचा कधी विश्वासच बसला नव्हता. बारा वर्षं सगळी वाडी एका माणसाची अब्रू सांभाळत होती; गंगारामचे वादसुद्धा त्यापायीच.

हौसा घोंगडी फेकून उठली. आता ही कोयता काढते की काय असं मला वाटलं. पण काशीबा तिच्याकडे बघून म्हणाले, “चूल पेटव. राबाला आलेली माणसं उपाशी जात नायत.” आणि ती खरंच चुलीकडे गेली. भात रांधताना तिने भांडी जरा जोरात आपटली, इतकंच.

मंडळी जेवून गेल्यावर काशीबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन रानात आले. पाची ऐन माणसाच्या दीडपट उंचीवर तोडलेले होते. कापलेल्या तोंडांवर अजून ओल होती. काशीबांनी मधल्याला मिठी मारून सवयीने घेर बघितला.

“जाड झाला व्हता, गुरजी,” ते म्हणाले. “आता हिशेब नका मांडू. मला दिसतंय.”

त्या वर्षी हौसाची रोपं गावात सगळ्यांत जोमदार आली, हे तिने मला नंतर सांगितलं, पण काशीबा घरात नसताना.

अडतीस साली त्यांच्या घराचं आढं बदललं. ते माडाचं होतं, गुहागरहून आणलेलं. घाटाच्या वळणावर बैलगाडी फिरेना, म्हणून वाटेतच मधोमध कापलं.